हातावर वाढ

सखुबाईला सुटली नुसती खाज, आश्रमाला दिसली खरूज. झालं! त्या दिवसापासून बाईचं ताट वेगळं पडलं आणि बाज व्हरांड्यात गेली.

सेनगावच्या रस्त्यावर तो वृद्धाश्रम. तिथले व्यवस्थापक बाबूसिंग माणूस वाईट नव्हते, पण डॉक्टरापेक्षा त्यांचा भरवसा हळदीवर. कुरुंद्याच्या कुणीतरी पोतंभर दान दिलेली, मग काय विचारता! रोज सकाळी सखुबाईला कढत पाण्यानं आणि कपड्याच्या साबणानं घासायचं, वरून हळदीचा लेप थापायचा. लेप वाळला की कातडी चिरायची. ती खाजवायची, रक्त निघायचं आणि रक्त बघून लोक आणखी लांब सरकायचे.

"अवो, चाळीस वर्सं हळद शिजवली म्या! तिच्यानं हात कसे तडकतेत ते मला काहून शिकवून राहिले?" ती ओरडायची. ऐकतंय कोण!

शेवटी तपासणीला डॉक्टर पुनम आल्या. त्यांनी सखुबाईची बोटांची बेचकी, मनगटं, कंबर सगळं नीट पाहिलं आणि बाबूसिंगना चांगलं झापलं. "ही खरूज नाही. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, त्यात तुम्ही ती सोलून काढली. कोमट पाणी वापरा, अंग ओलसर आहे तोवर मलम लावा. आणि हे कुणाला लागत नाही."

आठ दिवसांत खाज निम्मी झाली. बाईला झोप लागायला लागली. ताट मात्र वेगळं ते वेगळंच. माणसांच्या मनातली खरूज मलमानं थोडीच जाते?

रविवारी किसनसिंग नावाच्या पाहुण्यांनी नातवाच्या वाढदिवसाची पंगत दिली. बाबूसिंग हळूच येऊन म्हणाले, "मावशी, तुमचं ताट आज इथंच आणून देतो. पाव्हण्यांच्या मनात उगं किंतु नको."

"किंतु त्यांच्या मनात अन् शिक्षा मला? वा रे न्याव!"

सखुबाई उठली ती थेट पंगतीच्या मधोमध, आधी शेजारच्या खाटेवर असलेल्या अजराबीला खेटून बसली. पलीकडचे दोन म्हातारे लगेच सरकले. किसनसिंगांची सून निता पुऱ्या वाढत आली. सगळ्यांच्या ताटात तिनं वाकून वाढलं, सखुबाईला मात्र हातभर वरून पुरी टाकली. ती पडली जमिनीवर.

"हातावर दे," सखुबाईनं तळवा पुढं केला.

निता बाबूसिंगांकडं बघायला लागली.

"मावशी, ताटात घ्या ना," ते म्हणाले.

"न्हाई. हातावर."

आता आली का पंचाईत! शेवटच्या ताटात वाढून झाल्याशिवाय श्लोक नाही आणि श्लोकाशिवाय घास नाही. भाजी निवायला लागली. "उपाशी मारता का आमाला?" कुणीतरी कुरकुरलं. अजराबीनं आपलं ताट पुढं सारलं. "जबतक सखू को नै मिलता, मैं बी नै खाती."

बाबूसिंगांचं तोंड उतरलं. "द्या ताई हातावर. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, ते कुणाला लागत न्हाई. चूक माझी हाय."

निता वाकली. त्या खरबरीत तळव्यावर तिनं पुरी ठेवली. सखुबाईनं तिची बोटं पकडली ती सोडेचना.

"काही झालं का तुला?"

"नाही आजी."

"मोठ्यानं सांग," सखुबाई म्हणाली. "इथं समद्यांना कमी ऐकू येतं."