मानेच्या मणक्यावरची खाच

"चहात प्लॅस्टर पडलंय की प्लॅस्टरमध्ये चहा?" सफीनाझ पेल्यात डोकावून कुरकुरली. "चमचा उभा राहील यात."

"पी गुमान. या वयात हाडांना चुना लागतोच," रबाब म्हणाली.

एरवी एवढ्यावर सफीनाझ दुपारपर्यंत भांडली असती. आज ती नुसतीच हं म्हणाली. दोघींचं लक्ष प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या गाठोड्याकडे होतं. दाख्लाच्या वाळवंटातून, तागाच्या पट्ट्या नि प्लॅस्टरमध्ये बांधून आणलेलं हे शेवटचं हाड.

जनावर म्हणजे डायनोसॉर, लांब मानेचं, पाला ओरबाडून खाणारं, अंगानं ट्रकएवढं. कोट्यवधी वर्षं मातीत निवांत पडलेलं, आणि आता रबाबची डॉक्टरेट त्याच्या मानेच्या एका मणक्यावर उभी होती. त्या मणक्याच्या कुशीला एक तिरकी खाच होती. तशी खाच आजवर सापडलेल्या कुठल्याच जातीला नाही, म्हणून ही जात नवी. जात नवी म्हणून प्रबंध. आणि प्रबंधाच्या भरवशावर गावाकडे आईनं आळीभर शरबताचं आवतण देऊन ठेवलेलं.

तो मणका साफ केला होता दोघींच्या गुरूंनी, डॉक्टर वहीदांनी, स्वतःच्या हातांनी. हवेच्या दाबावर टकटकणाऱ्या सुईनं दगड कणाकणानं उडवायचा आणि हाड तेवढं राखायचं, असं ते काम. दाख्लाकडे माती नि हाड दोघांचा रंग एकच. त्यात मानेची हाडं पक्ष्यांच्या हाडांसारखी आतून पोकळ, वरचं कवच पापडाएवढं. सुई जरा घसरली की गेलीच आत. निम्म्या इजिप्तला हे काम वहीदांनीच शिकवलेलं. अलीकडे मात्र ते चहाचा पेला दोन्ही हातांनी धरत. सफीनाझ त्यांचा पेला अर्धाच भरी, आणि त्यावर कुणी काही बोलत नसे.

रबाबनं ती खाच रमजानच्या आधीच भिंगाखाली पाहिली होती. मूळच्या खाचेचा तळ गुळगुळीत असतो. हिच्या तळाशी हाडाच्या आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी उघडी पडली होती. झीज असेल, असं म्हणून तिनं भिंग बाजूला सारलं. सफीनाझनंही पाहिलं असणार. कारण हाडाचं स्कॅन काढू म्हटलं की दरवेळी तिच्याकडे कारण तयार. इस्पितळातलं यंत्र बिघडलंय, नाहीतर तंत्रज्ञाची बहीण बाळंत झालीय.

"त्या बहिणीला पोरं तरी किती गं?" रबाबनं एकदा विचारलंच.

"अल्ला देतो. आपण कशाला मोजा?"

आज वहीद आले आणि गाठोडं फोडलं. त्याच मानेतला पुढचा मणका निघाला. वहीदांनी हलकेच ब्रश फिरवला. कूस साफ, गुळगुळीत. खाच नव्हती.

"मातीखाली आहे," वहीद म्हणाले. "सुई दे पोरी."

"डॉक्टर, तिथं माती उरलेली दिसत नाही," सफीनाझ चाचरत बोलली.

"चष्मा बदल तुझा. मी ही कामं करत होतो तेव्हा तू शाळेत बाहीनं नाक पुसत होतीस."

सफीनाझनं रबाबकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता: प्रबंध तुझा, तूच बोल.

सुई टकटकू लागली. तिचं टोक हाडावर नाचत होतं, एका जागी ठरत नव्हतं. वहीदांनी उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं. पांढरी भुकटी उडाली. म्हातारा लबाडी करत नव्हता. त्याला खाच खरोखरच दिसत होती, आणि तेच वाईट होतं. आणखी थोडा वेळ, रबाबच्या मनात आलं. आपण नुसतं उभं राहायचं. पहिल्या खाचेला दुसरीची साक्ष मिळेल, कुणाच्या बापाला कळणार नाही, आई शरबत वाटेल.

तिला स्वतःचीच किळस आली. तिनं हवेची चावी फिरवली. टकटक थांबली.

"बंद का केलीस?"

रबाबनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिथंही तो थांबेना, मुठीत धरलेल्या पाखरासारखा फडफडत राहिला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तिथं खाच नाहीये. पहिल्या मणक्यावरही नव्हती. ती तुमच्या सुईनं पडली. तुमचे हात कापतात."