क्लोरीनचे चौदा ठिपके

सकाळी शाळेत घसा कोरडा करायचा, दुपारभर आईचं करायचं, आणि भावजय दुपारपाळीवरून आली की तेच रसायनशास्त्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा उगाळायचं. मला अक्षरशः वीट आला होता.

भावजय रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळते. डबे उचलून उचलून तिचा खांदा कामातून गेलाय. कारखान्याच्या दुसऱ्या गावातल्या प्रयोगशाळेत बसून करायच्या कामाची जागा निघाली होती, सोबत राहायला खोली. त्यासाठी लेखी परीक्षा होती, ती उद्यावर आलेली. भाऊ गेल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या आईला आम्ही दोघीच बघतो. ही गेली तर सकाळी आईजवळ कोणी नाही, मला शाळेतली नोकरी सोडावी लागणार. खरं सांगायचं तर ती पास व्हायला नको होती मला.

आणि तिची गाडी क्लोरीनवरच अडली होती. दोन अणू, प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. दोघंही एकेक मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांची होते, म्हणून प्रत्येकाचे आठ. ही मात्र जोडी एकाच अणूला देऊन टाकायची. एकाचे आठ, दुसऱ्याचे सहा. गोदामात डबा एका खात्याला दिला की दुसऱ्याच्या नावावरून उतरतो, असं तिचं म्हणणं. आठ नि आठ सोळा होतात, मग ठिपके चौदाच कसे, हेही तिनं मला सुनावलं. शेवटी कंटाळून म्हणाली, आठ आणि सहाच लिहून येते. मी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

तेवढ्यात आईनं हाक मारली. तिला कुशीवर वळवायचं होतं. नेहमीसारखी भावजय एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. अंगाखालची चादर दोघींनी धरली आणि आईला उचललं.

भावजय तशीच थांबली. "ताई, चादर एकच आहे. पण ती माझ्याही हातात आहे आणि तुमच्याही."

"आधी आईला खाली ठेव."

"म्हणजे जोडी दोघांकडे मोजायची. ठिपके मात्र चौदाच."

"हो गं बाई, हो," मी म्हटलं. दोन आठवडे मी फळ्यावरची भाषा झाडत होते आणि हिला ते इथे कळलं. आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं बसावंसं वाटलं.

आम्ही आईच्या पाठीला उशी लावली. चादरीची सुरकुती काढता काढता भावजय हळूच म्हणाली, "मी पास झाले तर हे दुसरं टोक कोण धरणार?"

आई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मी माझ्या बाजूचं टोक गादीखाली खोचलं.

"चल," मी म्हटलं, "पाण्याचा रेणू राहिलाय अजून. तो हमखास विचारतात."