बायकांच्या बाजूचे शेवटचे बाक

रविवारी सकाळी सत्यशीलाबाई सगळ्यांच्या आधी देवळात येत. मंडळीतली जुनी माणसे चर्चला अजूनही देऊळच म्हणत. केजहून युसूफ वडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ती पत्र्याच्या छपराची दगडी इमारत होती. छबुबाईंनी तोवर झाडून, अंगणात पाणी शिंपडून घेतलेले असे. सत्यशीलाबाई दाराशी चपला काढीत, थेट ऑर्गनपाशी जाऊन गुडघ्यांवर बसत आणि पायाने दाबायच्या दोन फळ्यांमागे हात घालून, उंदराने काही कुरतडले आहे का, ते बोटांनी चाचपीत. भात्याचे कापड फाटले की अल्ताफला बोलवावे लागे; बसस्थानकामागे मोटारींच्या सीटा शिवणारा हा माणूस देवळाचा भाताही शिवून देई. जुन्या डांबरगोळ्या काढून नव्या ठेवल्या की त्या कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसत, खर्जाकडून वर. मग ऑर्गनच्या माथ्यावर खिळ्याला टांगलेला लहानसा आरसा सारखा करीत. वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे असल्याने पाळकसाहेब कधी उभे राहतात, ते या आरशातूनच कळे. सगळे झाल्यावर त्या बसत, पाय हलवू लागत, आणि सूर उमटण्याआधी भात्यात भरणाऱ्या हवेचा जो हलका सुस्कारा येई, तो डोळे मिटून ऐकत. आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या तेव्हाही हा क्रम चुकला नव्हता. निवृत्त झाल्या तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणे.

त्या रविवारी पहिल्या गीताची चाल निम्मी वाजून झाली असेल, तेव्हा आरशात तो माणूस दिसला. सलग तिसऱ्यांदा. चाळिशीचा, धुवट सदरा, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावरून डाव्या हातावर सोडलेला टॉवेल. टॉवेलाखालचा हात कधी बाहेर येत नसे. तो आला आणि पुन्हा बायकांच्या बाजूला, भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

देवळात पुरुष उजवीकडे बसत आणि बायका डावीकडे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण लेकरांनाही ठाऊक होती. पहिल्या रविवारी परक्या माणसाला कळले नसेल, असे सगळ्यांनी धरून घेतले. दुसऱ्या रविवारी छबुबाईंनी त्याला हाताने पलीकडे जायची खूण केली, तर तो "सलाम, मावशी," म्हणून हसला आणि तिथेच बसून राहिला. आज बायकांनी मागची दोन बाके मोकळी सोडली होती.

उपदेश सुरू झाला तेव्हा सत्यशीलाबाईंनी आरशात नीट पाहिले. तो पाळकसाहेबांकडे पाहत नव्हता. त्याची नजर खाली, भिंतीलगतच्या मोकळ्या वाटेवरून सरळ पुढे आली होती. दुसरे गीत सुरू झाल्यावर त्या नजरेचा शेवट कुठे होतो, ते त्यांच्या ध्यानात आले. तो त्यांच्या पायांकडे पाहत होता. त्यांनी वाजवता वाजवता एका हाताने निऱ्या खाली ओढल्या आणि एक सूर चुकला.

उपासना संपताच तो प्रभुभोजनासाठी न थांबता निघून गेला. मंडळी पांगल्यावर सेक्रेटरी अंगद शिरसाट यांनी दार लोटून घेतले. एसटीच्या डेपोत त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी काढली होती.

"तुमाला तो सलाम म्हणला?" त्यांनी छबुबाईंना विचारले.

"म्हणला. मावशी बी म्हणला."

"गळ्यात माळ आन् तोंडात सलाम. आपल्यात सलाम करतात हे शिकून आलाय त्यो. टॉवेलाखाली मोबाईल धरलेला असणार. डेपोत जलम गेला माझा. प्रवासी कोण आन् पाकीटमार कोण, लांबून वळखतो मी."

"वळखता की," छबुबाई म्हणाल्या. "पाळकसाहेबाच्या साडूला पाकीटमार म्हणून धरून ठेवलं होतं तवा बी वळखलंच होतं."

पाळकसाहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. महिन्यापूर्वी नदीकडच्या एका वस्तीत घरातली प्रार्थना कोणीतरी मोबाईलवर टिपली होती. ते चित्रण गावोगाव फिरले, धर्मांतर चालले आहे म्हणून माणसे जमली, आणि त्या घरातली चार माणसे दोन दिवस पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तेव्हापासून या मंडळीत नवे माणूस आले की आधी त्याचे हात पाहिले जात.

"पुढच्या रविवारपासून दार लावून उपासना," अंगद म्हणाले. "आन् ऑर्गन बंद. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जातोय, तेनंच लोक येतेत. तेजश्री कीबोर्ड वाजवंल. त्याचा आवाज कमी करता येतो." तेजश्री ही त्यांची मुलगी. "त्या माणसाला दारातच सांगून टाकू, येऊ नको म्हणून. सिस्टर, तुमीच सांगा. बाईमाणसाशी भांडता येत न्हाई त्याला."

सगळे गेल्यावर सत्यशीलाबाई त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. व्यासपीठ मध्ये उंच होते. पलीकडच्या, पुरुषांच्या बाकांवरून ऑर्गन त्याच्या आड जात असणार. इथून मात्र भिंतीलगतची वाट सरळ होती आणि तिच्या टोकाला फक्त एवढेच दिसत होते: स्टूल, स्टुलाखालची पोकळी आणि त्या दोन फळ्या. म्हणजे जागा चुकून निवडलेली नव्हती. आठवडाभर त्या बाजारात जाताना मागे वळून पाहत राहिल्या.

पुढच्या रविवारी त्या दारातच उभ्या राहिल्या. तो रस्ता ओलांडून आला.

"सलाम, सिस्टर."

"मला सिस्टर म्हणतात हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमी वडगावला लेकरांना सुया मारायच्या ना? माझं पोरगं लई रडलं होतं. तुमी त्याला पेपरमिटाची गोळी दिली होती."

गोळ्या त्या सगळ्याच लेकरांना देत. ही गोष्ट कोणालाही ठाऊक असू शकत होती. "नाव काय तुमचं?"

"शहादेव."

"शहादेव, आज आत येऊ नका."

तो गोंधळला. "कावून? माझं काय चुकलं?"

"तुम्ही बायकांच्या बाजूला बसता. सांगूनही उठत नाही."

"तिथूनच दिसतंय, सिस्टर."

"काय दिसतं?"

त्याने मान खाली घातली. "तुमचे पाय." आणि त्यांचा चेहरा पाहून घाईने म्हणाला, "म्हंजी, तसं न्हाई! तुमी फळी कशी दाबता ते. आधी कोन्ता पाय, सूर लांबवायचा असला की कसं करता, ते. पलीकडून ते लाकडाचं आड येतंय."

"ते पाहून तुम्हाला काय करायचंय?"

शहादेवने इकडे तिकडे पाहिले आणि टॉवेल बाजूला केला. डाव्या हाताला अंगठा आणि एक अर्धे बोट तेवढे उरले होते.

"कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलता," तो म्हणाला. "गावात भजनी मंडळात पेटी मीच वाजवायचो. उजवा हात चांगला हाय, पर भाता कशानं मारावा? पोराला मारायला बसवलं, तर त्याचा दम येगळा आन् माझा येगळा. मंग एका रविवारी इथून चाललो होतो. तुमची पेटी ऐकू आली. दारातून बघितलं, तर तुमचे दोन्ही हात वर! मी म्हणलं, मंग भाता मारतंय कोण?"

सत्यशीलाबाईंनी तो हात हातात घेऊन उलटा केला. जखम जुनी होती, टाके घाईत घातलेले होते. अशा जखमा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. ती खोटी नव्हती. पण हात खरा म्हणून सांगितलेले सगळेच खरे, असे कुठे होते? ज्याला हेर पाठवायचा असेल तो असाच माणूस निवडेल, ज्याला पाहून समोरच्याची जीभ लुळी पडावी.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुणी?"

"मोबाईल आहे?"

त्याने खिशातून बटणांचा साधा फोन काढून पुढे केला. त्यांनी तो परत दिला. घरी दुसरा असू शकतो, हेही त्यांच्या मनात येऊन गेले.

"आणि उपदेश? प्रार्थना? त्या ऐकता का?"

"खरं सांगू? प्रार्थनेत मन लागत न्हाई माझं. गाण्यात लागतं." तो थोडा थांबला. "आमच्यात एकजण म्हणतो आन् बाकीचे मागून उचलतात. तुमच्यात समदे संगंच चालतात. म्हातारं माणूस मागं राहत न्हाई. आन् खाली एक सूर असतो. त्यो कुणीच म्हणत न्हाई, तरी समद्यांच्या खाली असतो. त्यो मी घरी जाईस्तोवर ऐकतो."

आतून अंगद यांच्या खाकरण्याचा आवाज आला. दाराच्या एका फळीमागे ते उभे असावेत.

"आज नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला. टॉवेल पुन्हा हातावर ओढून तो रस्त्यापलीकडे गेला आणि पंक्चरच्या बंद टपरीजवळ उभा राहिला. दार लागले.

त्या दिवशी सत्यशीलाबाई बायकांमध्ये बसल्या. मोकळ्या हातांचे काय करावे ते त्यांना सुचेना. तेजश्रीने कीबोर्ड जपून, हळू वाजवला. मुलगी सुरात पक्की होती, चूक कुठेच नव्हती. तरी दुसऱ्या कडव्यापासून गाणे फाटू लागले. पुढची माणसे पुढे गेली, म्हातारी मागे राहिली. सत्यशीलाबाईंना कारण समजायला वेळ लागला. ओळ संपली की त्या पाय जरासा हलका करीत, सूर किंचित बसे आणि त्या फटीत सगळी मंडळी श्वास घेई. इतकी वर्षे माणसे त्यांच्या पायांबरोबर श्वास घेत आली होती. कीबोर्डला दम लागत नव्हता, म्हणून गाणाऱ्यांना तो कुठे घ्यावा ते कळत नव्हते. तिसऱ्या कडव्याशी छबुबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

"आज कसं गप गुमान झालं," उपासना संपल्यावर अंगद समाधानाने म्हणाले. "त्यो बी गेला वाटतं. का ओ सिस्टर, काय म्हणला? हात दाखवत होता?"

"तुम्ही ऐकलंत ना."

"ऐकलं. चांगलं बोलतो. लई चांगलं बोलतो, तेच मला पटंना. आन् समजा उद्या कायी झालं, तर जबाब कुणी द्यायचा? तुमी?"

प्रश्न बरोबर होता. सत्यशीलाबाई घरी आल्या. जेवताना, कपडे वाळत घालताना, प्रार्थनेला बसतानाही तो प्रश्न सोबत राहिला. तो माणूस खोटा निघाला तर अंगद, पाळकसाहेब, तेजश्री, सगळी ओळखीची माणसे ठाण्याच्या पायरीवर बसतील आणि दार सत्यशीलाबाईंनी उघडलेले असेल. तो खरा असला तर काहीच होणार नाही. एक माणूस रस्त्यापलीकडून निघून जाईल, एवढेच. भीतीच्या बाजूने पाहिले की हिशेब सरळ होता. पण शुक्रवारी संध्याकाळी कणीक मळता मळता त्या थांबल्या. आठवडाभर त्या त्याच्याविषयी विचार करीत होत्या, आणि त्या सगळ्या वेळात आपले पाय तोच ठेका धरून जमीन दाबत होते, उजवा, मग डावा, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले.

शनिवारी दुपारी त्यांनी अल्ताफला बोलावले. भाता पाहून झाल्यावर तो अवजारे आवरू लागला.

"थोडं थांबा, अल्ताफभाई. हा ऑर्गन हलवायचाय."

"किधर?"

"पलीकडच्या कोपऱ्यात. आणि तोंड बाजूच्या भिंतीकडे."

छबुबाई झाडू टाकून आल्या. "पलीकडं? बापयांत? सिस्टर, तुमी आता बापयांत बसणार व्हय?"

"बसेन."

"अंगदराव काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. तुम्ही तिकडून धरा."

ऑर्गनची लाकडी चाके कित्येक वर्षांत फिरली नव्हती. अल्ताफने त्यांना तेल सोडले. तिघांनी मिळून तो व्यासपीठासमोरून ढकलत नेला. फरशीवर एक लांब पांढरी रेघ उठली, ती छबुबाईंनी ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला आणि मग तशीच राहू दिली. सत्यशीलाबाई पुरुषांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिथून पाहू लागल्या. स्टूल एका बाजूने दिसत होते. फळ्या दोन्ही दिसत होत्या.

रविवारी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. उंदराने काही कुरतडले नव्हते. पट्ट्या पुसून झाल्यावर त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत लोटून त्यांच्या तळाशी एकेक दगड लावला, रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या, आणि येऊन वाजवायला बसल्या. कोणते गीत घ्यायचे ते ठरले होते. ज्यात खालचा सूर सर्वांत जास्त वेळ धरावा लागतो, ते.

निम्मे वाजून झाले तेव्हा अंगद शिरसाट आले. रस्त्यावरच त्यांना आवाज ऐकू आला असणार, कारण ते भरभर चालत आले आणि दारात थबकले. फरशीवरची रेघ त्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिली. दाराजवळचा दगड पायाने हलवला. सत्यशीलाबाईंनी वाजवणे थांबवले नाही. छबुबाई भिंतीवरच्या फळीवर गीतांचे आकडे लावीत होत्या, त्याही वळल्या नाहीत. मग अंगद आत येऊन पुरुषांच्या शेवटच्या बाकावर अगदी कडेला बसले, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून, आणि दाराकडे तोंड करून.

मंडळी येऊ लागली. मागे पावले वाजत होती, बाके करकरत होती, कोणीतरी हलक्या आवाजात सलाम म्हटले; कोण, ते ओळखू आले नाही. सत्यशीलाबाईंनी सवयीने वर पाहिले. आरसा आपल्या खिळ्यावर होता, पण ऑर्गन वळल्यामुळे त्यात आता पाळकसाहेबांची रिकामी खुर्ची आणि त्यामागची भिंत एवढेच दिसत होते. आरसा जरासा कलता केला असता तर मागची बाके दिसली असती. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवरच ठेवले, ओळीच्या शेवटी पाय हलका केला आणि पुढची ओळ घेतली.