केशर तोलणारा काटा

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढा पितळी काटा मी, पण माझा रुबाब पोती मोजणाऱ्या काट्याला नाही. पन्नास वर्षं उमरखेडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मी केशर तोलतो. फुंकरीनंही हलतो, म्हणून मालक कमलाकर आधी पंखा बंद करतात. हल्ली शेजारी बॅटरीवरचा काटा आलाय आणि मी बहुतेक डबीतच असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा त्याची बॅटरी संपली आणि माझी डबी उघडली. फुलसावंगीचे किसनराव आणि त्यांच्या पत्नी शकुबाई आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचं, निकिताचं डोहाळजेवण होतं. व्याह्यांना केशरी दूध देईन, असं शकुबाई सगळ्यांदेखत बोलून बसल्या होत्या. किसनरावांनी बाजारातून दोनशे रुपयांत तोळाभर केशर आणलं होतं. ते खरं आहे का, एवढंच विचारायचं होतं.

कमलाकरांनी चार काड्या कोमट पाण्यात टाकल्या. पाणी लगेच लालभडक झालं.

"किसनराव, ही रंगवलेली करडईची फुलं. खरं केशर सावकाश रंग सोडतं, तोही पिवळा."

किसनरावांच्या वावरात दरसाल करडई असते! मला हसू आवरेना.

"घरचीच फुलं इकत आणली तुमी!" शकुबाई कडाडल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. "आता उद्या व्याह्यायले काय देऊ?"

"वीस-पंचवीस काड्यांत पातेलंभर दूध होतं, वहिनी. एक ग्रॅम पुष्कळ झालं."

खरं केशर माझ्या पारड्यात पडलं. भाव ऐकून त्या दचकल्या. "एवढ्याशाले एवढे पैसे कायले?"

"एका फुलात तीनच काड्या. ग्रॅमभराला दीडशे फुलं लागतात. वर्षातून दोन-तीन आठवडेच फुलतात. ऊन चढायच्या आत हातानं खुडायची, मग एकेक काडी सोडवायची."

शकुबाईंनी स्वतःची बोटं पाहिली. कापूस वेचून ती चिरलेली होती.

"आमी बी तं हातानंच वेचतो, भाऊ. मंग कापसाले असा भाव काहून नाही?"

"कापूस रग्गड पिकतो, केशर मूठभर. लोक नुसत्या कष्टाला नाही, टंचाईला भाव देतात."

"मंग लोकायचा काटाच खोटा हाये," त्या ताठ मानेनं म्हणाल्या आणि पुडी कमरेला खोचून निघाल्या.

मला त्यांचं म्हणणं पटलं. मित्रांनो, केशराची सांडलेली काडी तुम्ही बोट ओलं करून उचलता. अंगातला सुती सदराही तेवढ्याच मायेनं वापरा. त्याचंही बोंड न् बोंड कुणीतरी हातानं वेचलं आहे.