हाड

"हाड! हाड म्हनतो ना, हाड!"

दौलतराव ओट्यावरून ओरडले, तसं कुडापलीकडचं कुत्रं आणखीच चेकाळलं. पुढचे पाय कुडावर टाकून, शेपटी हलवत असं भुंकू लागलं, की त्यांच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला. शेजारची अमीनाबी गावोगाव बांगड्या भरून नुकतीच घरी आली होती. डोक्यावरची टोपली तिनं आपटायचीच बाकी ठेवली.

"दौलतरावभाऊ, त्याले हाड म्हनू नका! किती खेपा सांगू? त्याचं नावच हाड हाय!"

"मंग काय म्हनू? या, बसा, सुपारी खा म्हनू?"

"काहीच म्हनू नका. तुमी हाक मारून राह्यले, थे ओ देऊन राह्यलं!"

आता हे शिरपुरात कुणाला पटावं? कुत्र्याचं नाव मोत्या असतं, वाघ्या असतं. पण तिचा नवरा जब्बार जगावेगळा माणूस, तोंडानं फाटका आणि हातानं सढळ. पिलू दारात आलं, तेव्हा "हाड, बे, हाड!" म्हणत त्यानं त्याला हाकललं आणि म्हणता म्हणता हातातली भाकरी मोडून त्याच्यापुढे टाकली. रोज हेच. पिलानं शब्दाची आणि भाकरीची गाठ मारली. जब्बारला त्याची इतकी गंमत वाटली, की दुसरं नाव त्यानं ठेवलंच नाही. पुढे पटकीच्या साथीत जब्बार गेला. आता दौलतरावांनी ओट्यावरून कुठलंही उनाड कुत्रं हाकललं, की हे वेडं धावत सुटायचं. आलो, भाकरी कुठे? दौलतराव चिडून पुन्हा हाड म्हणायचे, आणि ते पुन्हा ओ द्यायचं.

शेवटी दौलतराव चावडीवर गेले. पुंजाजी पाटलांनी अमीनाबीला बोलावून घेतलं. तिनं नावाची हकिकत सांगितली आणि सगळी चावडी खदखदून हसली.

"म्हंजे सारा गाव जनमभर जब्बारच्या कुत्र्याले हाका मारून राह्यला होता!" पाटलांनी डोळे पुसले. मग आवाज बदलला. "पुढल्या बाजारापर्यंत त्याचं तोंड बंद कर. नाई तं कोतवाल लाडवात कुचला घालीन."

अमीनाबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुचल्याच्या विषाचं एक झालं, पण हे लोक तिच्या मेलेल्या माणसाच्या शब्दावर हसले होते.

"गावाचं तोंड काई बदलत नाई," ती म्हणाली. "माह्यं कुत्रंच बदलीन."

दुसऱ्या दिवशी ती दौलतरावांच्या दारात उभी राहिली.

"ओट्यावर बसून हाड म्हना. मी सांगीन तवा."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राह्यते, अमीनाबी."

"शेपटाचं मी पाह्यते. तुमी फकत वरडा. थे तं येते ना तुमाले?"

आतून त्यांची बायको प्रयागबाई फिसकन हसली, म्हणून दौलतरावांना बसावंच लागलं.

आवळलेल्या हातात बांगडी कशी चढवायची, हे अमीनाबीला पक्कं ठाऊक होतं. जोर केला की काच फुटते. बाईला बोलण्यात गुंतवायचं, सांधे दाबत राहायचं आणि हात सैल पडला की त्याच क्षणी बांगडी आत सरकवायची. इथेही तिनं तेच केलं. दौलतराव हाड म्हणत, कुत्रं भुंकत सुटे आणि ती भाकरी मुठीत धरून पाठ फिरवी. मध्येच ते दम घ्यायला थांबे. त्याच क्षणी तुकडा त्याच्या तोंडात. भुंकलं तर काही नाही. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. हाड ऐकलं की ते तिच्याकडे बघून खाली बसू लागलं, गप्प.

दौलतरावांना आता त्याची गोडी लागली होती. ते आपणहून विचारायचे, "वरडू का?" अमीनाबीला मात्र कुत्रं गप्प बसलं की संताप यायचा. दौलतरावांचा यायचा, पाटलाचा यायचा आणि जब्बारचा तर सगळ्यांत जास्त. धड नाव ठेवायला काय झालं होतं रे तुला?

बाजाराच्या दिवशी पाटील कोतवालाला घेऊन आले. कोतवालाच्या हातात पानात गुंडाळलेला लाडू होता. पाटलांनी घसा फोडून आरोळी दिली, "हाड!"

कुत्र्यानं कान उभारले, अमीनाबीकडे पाहिलं आणि ते खाली बसलं.

"आमी शिकवलं त्याले!" दौलतराव ओट्यावरून म्हणाले.

पाटील खूश झाले. "आता चांगलं नाव ठेव त्याचं. मोत्या ठेव."

"तुमच्या कुत्र्याचं ठेवा," अमीनाबीनं सुनावलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी तिनं भाकरी टाकली आणि ताजी भाकरी घेऊन ती उंबऱ्यावर बसली. जब्बार तिथंच बसायचा. तिनं त्याच्यासारखा घसा खाकरला आणि त्याच्याच खरखरीत आवाजात म्हणाली, "हाड, बे, हाड!"

कुत्र्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, पाय दुमडले आणि ते बसलं.

"हाड!" ती ओरडली. "अरे, हाड ना! त्यानं ठेवलं होतं थे!"

ते आणखीच अंग चोरून, शहाण्यासारखं गप्प बसून राहिलं. त्याची काही चूक नव्हती. गप्प राहिलं की तुकडा, असंच तिनं त्याला शिकवलं होतं.

अमीनाबीनं भाकरी मोडली आणि त्याच्यापुढे टाकली.