लेकीच्या वजनाचा त्रिशूळ

भिवापूरच्या मिरचीत वाढलेली बाई मी. लग्न होऊन नागपुरात महालात आली, तर इथंही मिरचीचंच दुकान मांडलं. पंधरा वर्सं झाली, माह्या हाताले तराजू लागत नाई. गोनी उचलली का सांगते, इतके शेर अन् वर इतके पाव. लोकं पैज लावते अन् हरते. अशा बाईले नवऱ्यानं वजनात फसवावं, तेही देवाच्या नवसात! डोंगराच्या धारेवर माहं डोस्कं फिरलं ते याच्यापायी.

पहिले नवसाचं सांगते. आमची शामला वर्साची होती तवा तापानं हातची जाऊन राहिली होती. मी पदर पसरून बोलली, "महादेवा, हिले वाचव. हिच्या वजनाचा लोखंडी त्रिशूळ तुह्या चौरागडावर आनून वाहीन." पोरगी वाचली. मंग काय, औंदा जाऊ, पुढच्या साली जाऊ, असं करता करता तीन वर्सं गेली. गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय! यंदा संक्रांत झाली अन् ताप परत आला. नत्थूजी म्हनून आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे भगत आहे, दर शिवरात्रीले लोकायले महादेवाले घेऊन जाते. ते म्हने, "नवस बाकी ठेवला वं बाई तुनं. फेडून ये, तवाच पोरगी उठन. अन् फेडतानाचं वजन धरजो, तवाचं नाई."

पाळनूकही त्यायनंच सांगितली. नवस फिटेपर्यंत लेकरू देवाचं. सव्वा महिना मायनं त्याले हात लावायचा नाई. पाळली ना मी! शामलेचं खानं-पिनं माही जाऊ सुभद्रा पाहे, उचलून फिरवे तिचा बाप. मी उंबरठ्याबाहेरून पाहत होती. थंडीचे दिवस, पोरगी गोधडीत गुंडाळलेली, नुसतं तोंड दिसे. निघायच्या सकाळी म्हने, "माय, उचल ना वं." पन म्हनलं, "आल्यावर उचलीन. आधी महादेवाचं." अन् पिशवी घेऊन पायऱ्या उतरली.

आमचे हे लोहार. त्रिशूळ यायनं घरच्याच भट्टीत घडवला, पन मले तिकडं फिरकू दिलं नाई. रेलनं पिपरिया, तिथून दोन दिवस पायी पचमढी, सारा वेळ तो फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला. मी हात पुढं केला का म्हने, "राहू दे, जड आहे." मले वाटलं, मानूस आपल्या कामाचा तोरा मिरवून राहिला. मिरवू दे.

शिवरात्रीच्या सकाळी खालच्या गुफेत त्रिशुळाची पूजा झाली. तिथून पुढं माथ्यापर्यंत तो जमिनीले टेकवायचा नाई. टेकला का परत पायथ्याशी जाऊन पूजा करा, अन् नव्यानं चढा. गर्दी इतकी का मुंगी शिरायची नाई. म्हनून नत्थूजीनं आमाले डोंगराच्या धारेवरची जुनी वाट धरवली. दोन्हीकडं दरी अन् मधात खाटेएवढी जागा, तीही फुटक्या दगडायची. काही जागी बसून सरकावं लागे, काही जागी मांजरीवानी चार पायावर. मले भेव वाटायले सवडच नव्हती. घरी ताप उतरला का चढला, कोन सांगन? पाय पुढं अन् जीव महालात. जरा कोनी दम खायले बसलं का माहं तोंड सुरू.

"अवो, चाला ना! काहून बसले? मुळं फुटले का पायाले?"

"येऊन राहिलो ना वं."

"द्या मंग इकडं, मी घेते."

"नाई म्हनलं ना एकदा."

दुपारी एक कडा आडवा आला. दोन पुरुष उंच, पाय ठेवायपुरत्या खोबन्या, पन दोन्ही हात मोकळे पाहिजे. नत्थूजी वर चढून गेले. यायनं त्रिशूळ खांद्यावर टाकून दोनदा चढून पाहिलं, दोनदा घसरले. गुडघ्यातून रक्त आलं.

वरून नत्थूजी ओरडले, "कवडू, बायकोजवळ दे गा! तू चढ, अन् वरून ओढून घे."

यायनं माह्याकडं पाहिलं. मंग नजर दुसरीकडं करून त्रिशूळ माह्या हातात देल्ला.

हाताले लागताच कळलं. दहा शेर. वर पावभरही नाई.

दिवाळीत लकडगंजच्या लाकडाच्या वखारीत शामलेले गमतीनं काट्यावर बसवलं होतं. चौदा शेर भरली होती. सारे हसले होते, काय गोबरी पोरगी आहे म्हने.

"चार शेर कुठी गेले?" मी म्हनलं. "बोला ना! लेकीच्या जिवापेक्षा लोखंड महाग झालं तुमाले? देवाले फसवता, म्हनूनच ताप उतरून नाई राहिला! म्हनूनच मले हात लावू देत नव्हते!"

"हळू बोल वं."

"काहून हळू बोलू? आइकू दे साऱ्या डोंगराले!"

हे कड्याले टेकून खाली बसले. "मोजूनच घडवला मी. घडवायच्या दिवशी तिले वखारीत नेली होती. त्याच काट्यावर. दोनदा मोजली. वखारवाला म्हने, काटा बरोबर आहे."

"मंग किती भरली?"

"तुह्या हातात आहे ना."

त्रिशूळ मी छातीशी दाबला, टेकू द्यायचा नव्हता. "मले सांगितलं काहून नाई?" म्हनलं.

"तू पाळनूक मोडली असती. मले वाटलं, एकदा नवस फिटला का भरून येईन पोरगी." अन् लोहार मानूस, घन मारनारा, तोंड झाकून रडायले लागला.

मी रडली नाई. संताप आला, तो माहाच मले आला. समोरच्या खाटेवर पोरगी झिजून राहिली, अन् मी नियम सांभाळत उंबरठ्याबाहेर उभी. एकदा उचलली असती तर त्याच दिवशी समजलं असतं. असं वाटलं का आताच्या आता माघारी पळत सुटावं. पन घर तीन दिवसाच्या वाटेवर, अन् हातात हे.

लुगड्याचा पदर सोडला, त्रिशूळ पाठीवर घेतला अन् लेकरू बांधते तसा कचकन बांधला.

नत्थूजी वरून कडाडले, "अवं, नवसाचं लोखंड बाईनं चढवत नसते!"

"नत्थूजी, तुमचं आइकून सव्वा महिना मी लेकीले हात लावला नाई. आता एक शब्द बोलू नका."

यायनं खालून माह्या पायाले खांदा देल्ला, मी खोबन्यायत बोटं रुतवली अन् चढली. पुढची सारी धार तशीच चालली. हे दोनदा म्हने, "दे आता." मी देल्ला नाई.

माथ्यावर हजारो त्रिशूळ गाडलेले. त्यायच्यात आमचाही उभा केला. हात जोडून म्हनलं, "महादेवा, बोलली होती तेवढं आनलं. आता पोरगी माही." परसादाले थांबली नाई. उतरताना यायलेच माह्यामागं पळावं लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी महालात पोहोचलो. सुभद्रा दारात तांब्या घेऊन उभी. "आधी पाय धुवा बाई, महादेवाहून आल्या, आरती करू द्या." मी तिले बाजूले सारलं अन् आत गेली. शामला जागीच होती. गोधडीसकट उचलली.

दहा शेर. अन् वर पावभर.

गोधडीचं वजन असन, मले का कळत नाई? पन गोधडी मी काढली नाई.