टेकडीअलीकडचा वाफा

मी एक जुना भात आहे, हुनानमधल्या एका बियाणे केंद्रातला. मित्रांनो, माझं नाव तुमच्या कानावर आलं नसेल. येणार कसं? नाव झालं ते टेकडीपलीकडच्या त्या दुसऱ्या भाताचं!

आधी तिच्याबद्दल सांगतो. तीही भातच, दिसायला हुबेहूब माझ्यासारखी, पण तिच्या फुलात पराग धरत नाही, तो बाहेरूनच लागतो. म्हणूनच संकरित भाताची आई म्हणून तिला निवडलं. तिच्या काही ओळी माझ्या शेजारी लावतात. माझा पराग तिच्यावर पडला की जे बी धरतं, त्यातून पुन्हा तीच उगवते. उरलेल्या ओळी टेकडीपलीकडे, त्या दुसऱ्या भाताच्या शेजारी; संकरित बियाचा बाप तो. त्या दोघांचं संकरित बी घ्यायला शेतकऱ्यांची झुंबड उडते. माझा जळफळाट होणार नाही तर काय?

निवडही किती लाडाकोडात झाली त्याची! केंद्रातल्या पेंगताईंनी तिच्यासाठी कितीतरी बाप पारखले. काही चांगले रुबाबदार, पण त्यांची पोरं फुसकी. हा किडकिडीत, पण याची पोरं आईबापांहून सरस निघाली. झालं, सगळ्यांनी डोक्यावर घेतला.

आमची फुलं भर दुपारी थोडाच वेळ उघडतात. तेवढ्यात दोरी ओढून लोंब्या हलवल्या तरच पराग उडतो. एका उन्हाळ्यात दोन्ही शेतं एकदमच फुलली आणि दोरी गेली टेकडीपलीकडे. केंद्रप्रमुख श्योंग जेवणाचा डबा घेऊन तिकडेच निघाले होते. बांधावर पेंगताईंनी त्यांना अडवलं.

"दादा, इकडचं कोण हलवणार?"

"याचं बी काय बाजारात जातंय? राहू दे."

"हा हलवायचा राहिला तर पुढच्या वर्षी ती नाही. मग पलीकडच्या नवरदेवाचं लग्न काय बांबूशी लावायचं?"

"अगं, दोरी एकच आहे."

"बांबू आहेत ना. धरा एक."

"भात गार होतोय माझा."

"होऊ दे. पुढच्या वर्षी खायला हवाय ना?"

श्योंगनी कुरकुरत डबा खाली ठेवला आणि बांबू घेऊन वाफ्यात उतरले. माझा पराग उडाला, तिला बी धरलं.

पुढे त्याच्यावर रोग पडायला लागला, तेव्हा त्याला काढून दुसरा बाप आणला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता या नव्यावर जळतो.

मित्रांनो, खुशाल त्याचं कौतुक करा, माझी हरकत नाही. आहे, पण असो. दुपारी फुलं उघडली की कुणीतरी टेकडीच्या अलीकडेही या. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी या.